सीक्रेट सँटाच्या जोड्या कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगने कशा लावायच्या: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सीक्रेट सँटा म्हणजे गटातल्या प्रत्येकाने गुपचूप दुसऱ्या एकाला भेट द्यायचा खेळ. त्यात चिठ्ठ्या टाकून भेटींच्या जोड्या लावल्या की एक प्रसंग कधी ना कधी येतोच. अकरा जणांनी चिठ्ठ्या उचललेल्या असतात, डब्यात एकच उरलेली असते, आणि बारावी व्यक्ती ती उघडून म्हणते, "माझंच नाव आलंय." मग सगळ्यांनी चिठ्ठ्या परत द्यायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, पुन्हा उचलायच्या. तोवर दोघातिघांनी आपल्याला कोण आलं होतं ते बोलूनही टाकलेलं असतं.

आमच्या गटात हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आधी चिठ्ठ्या, मग स्प्रेडशीट, आणि आता सॉल्व्हर, म्हणजे अटी दिल्या की त्या पाळणारं उत्तर शोधून देणारा प्रोग्रॅम. सॉल्व्हरकडे वळलो तेव्हा कुठे काय अडतं हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असेल तर एका संध्याकाळी होण्यासारखं काम आहे.

## १. आधी ठरवा: सॉल्व्हर खरंच लागणार आहे का?

तुमची अट एकच असेल, की स्वतःचं नाव स्वतःला येऊ नये, तर सॉल्व्हर लागत नाही. सगळी नावं नीट पिसा, गोलात मांडा आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याला भेट द्यायची असं ठरवा. स्वतःचं नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. पाच ओळींचं काम आहे.

चिठ्ठ्यांमध्ये मात्र एक छुपा दोष असतो, आणि तो तीनच माणसांत दिसतो. अ, ब, क असे तिघे आहेत. आधी ‘अ’ चिठ्ठी काढतो, मग ‘ब’, मग ‘क’. स्वतःची आली तर ती परत टाकून दुसरी काढायची. ‘अ’ला ‘क’ आला (शक्यता निम्मी), तर ‘ब’ला ‘अ’ घेण्यावाचून गत्यंतर नाही आणि ‘क’ला ‘ब’ मिळतो. ‘अ’ला ‘ब’ आला, तर ‘ब’समोर दोन चिठ्ठ्या असतात: ‘अ’ आणि ‘क’. त्याने ‘अ’ उचलली की ‘क’ अडकला. ‘क’ उचलली की काम झालं. म्हणजे डाव अडकण्याची शक्यता एक चतुर्थांश. शिवाय जी दोन उत्तरं शक्य आहेत, त्यांतलं एक दुसऱ्याच्या दुप्पट वेळा येतं. अशी सोडत सगळ्यांना समान नसते.

यावर खरा उपाय म्हणजे कुणालाही स्वतःचं नाव आलं की सगळाच डाव मोडायचा आणि पहिल्यापासून पिसायचं. मग सगळी उत्तरं समान शक्यतेने येतात. पिसलेल्या यादीत एकालाही स्वतःचं नाव न येण्याची शक्यता साधारण ३६.८ टक्के असते, म्हणजे सरासरी तीनपेक्षा कमी प्रयत्नांत जमून जातं. हा प्रश्न जुनाच आहे. फ्रेंच गणिती पिएर रेमाँ द माँमोर याने १७०८ मध्ये पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने तो मांडला होता.

सॉल्व्हरची गरज लागते ती पुढच्या अटी आल्या की. नवरा-बायको एकमेकांना येऊ नयेत. गेल्या वर्षीची जोडी परत नको. मी तुला आणि तू मला, अशी अदलाबदल नको. अशा तीन-चार अटी एकत्र आल्या की पिसत बसणं परवडत नाही. आणि मुळात उत्तरच अस्तित्वात नसेल, तर पिसणारा प्रोग्रॅम ते तुम्हाला कधीच सांगणार नाही, नुसता फिरत राहील.

## २. जवळ काय काय हवं

- भाग घेणाऱ्यांची पक्की यादी. "बहुधा येईन" म्हणणाऱ्यांकडून आधी हो किंवा नाही घ्या.
- नको असलेल्या जोड्या. प्रत्येक जोडीपुढे ती एकतर्फी की दुतर्फी हे लिहिलेलं हवं.
- गेल्या वर्षी कुणी कुणाला दिलं त्याची यादी.
- सगळ्यांचा मिळून एक मोठा गोल हवा, की छोटे छोटे गोल चालतील, याचा निर्णय.
- पायथन आणि ओआर-टूल्स हे मोफत पॅकेज. त्यातला सीपी-सॅट हा सॉल्व्हर आपल्याला वापरायचा आहे.

ज्यांना पायथन नको त्यांच्यासाठी मिनीझिंक चांगलं आहे. त्याचा स्वतःचा एडिटर येतो आणि अटी जवळजवळ गणितातल्यासारख्या लिहिता येतात. मी सीपी-सॅट वापरतो, कारण पुढे मेल पाठवण्याचं कामही त्याच प्रोग्रॅममध्ये उरकतं.

यादीत प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि पुढे सगळीकडे तोच वापरा. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका वर्षी गेल्या वर्षीच्या यादीत एका नावापुढे एक रिकामी जागा राहून गेली होती. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती वेगळीच व्यक्ती ठरली, तिची अट लागलीच नाही, आणि तीच जोडी पुन्हा आली. कुठेही एरर नाही, सूचना नाही. भेटी उघडताना कळलं. त्यामुळे यादीत नसलेलं नाव अटीत आलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबला पाहिजे, अशी तपासणी सुरुवातीलाच घाला.

## ३. अटी माणसांच्या भाषेत लिहून काढा

कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगमध्ये उत्तर *कसं शोधायचं* ते तुम्ही सांगत नाही. उत्तर *कसं असलं पाहिजे* तेवढंच सांगता. त्यामुळे कोड लिहायच्या आधी कागदावर अटी लिहा आणि एकेक वाचून दाखवा. निम्म्या चुका इथेच सापडतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती दिशेची. जोडीदारांची अट दुतर्फी असते: ‘अ’ने ‘ब’ला नाही आणि ‘ब’ने ‘अ’लाही नाही. गेल्या वर्षीची अट एकतर्फी असते: ‘अ’ने ‘क’ला दिलं होतं, म्हणून यंदा ‘अ’ने ‘क’ला द्यायचं नाही, पण ‘क’ने ‘अ’ला दिलं तर काही बिघडत नाही. ही अट चुकून दुतर्फी लिहिली तर बंद दरवाजे दुप्पट होतात, आणि उत्तर का सापडत नाही याचा शोध घेत तुम्ही तासभर बसता.

## ४. मॉडेल उभं करा

दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक देणाऱ्यासाठी एक व्हेरिएबल असतो आणि त्याची किंमत म्हणजे घेणाऱ्याचा क्रमांक. त्यावर "सगळ्यांच्या किमती वेगवेगळ्या" ही अट लावायची, जिला सॉल्व्हरच्या भाषेत ऑल डिफरंट म्हणतात. वाचायला ही पद्धत सोपी.

दुसरी पद्धत तक्त्याची, आणि नवशिक्यांना मी हीच सुचवेन. आडव्या ओळी देणाऱ्यांच्या, उभे स्तंभ घेणाऱ्यांचे, आणि प्रत्येक चौकटीत हो किंवा नाही. मग अटी अशा होतात:

- प्रत्येक ओळीत नेमका एक ‘हो’. प्रत्येकाने एकालाच द्यायचं.
- प्रत्येक स्तंभात नेमका एक ‘हो’. प्रत्येकाला एकच भेट मिळाली पाहिजे.
- कर्णावरच्या, म्हणजे देणारा आणि घेणारा एकच असलेल्या, सगळ्या चौकटी ‘नाही’.
- नको असलेल्या प्रत्येक जोडीची चौकट ‘नाही’.
- अदलाबदल नको असेल तर, समोरासमोरच्या दोन चौकटींत (‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘अ’ला) मिळून जास्तीत जास्त एक ‘हो’.

पहिल्या दोन्ही अटींसाठी सीपी-सॅटमध्ये ‘अ‍ॅड एक्झॅक्टली वन’ हे फंक्शन आहे. एक मोठा गोल हवा असेल तर ‘अ‍ॅड सर्किट’ वापरा. त्याला प्रत्येक शक्य जोडी तीन गोष्टींनी द्यायची: कुठून, कुठे, आणि त्या चौकटीचा व्हेरिएबल. सर्किट लावलं की ओळी-स्तंभांच्या अटी त्यातच येतात, आणि तीन किंवा जास्त माणसं असली की अदलाबदलही आपोआप बाद होते.

इथे एक खड्डा आहे. सर्किटला एखाद्या व्यक्तीकडून तिच्याकडेच जाणारी जोडी दिली, तर सॉल्व्हर तिचा अर्थ "ही व्यक्ती गोलाबाहेर ठेवली तरी चालेल" असा घेतो. म्हणून कर्णावरच्या जोड्या यादीत घालूच नका. आणि सीपी-सॅटच्या सर्किटमध्ये क्रमांक शून्यापासून धरा.

मोठा गोल घ्यावा का? माझं मत घ्यावा. भेटी उघडताना एकाने उघडली की लगेच त्याने आपली भेट पुढच्याला द्यायची, अशी साखळी लागते आणि शेवटी सुरुवातीच्या माणसापाशी येऊन मिळते. गणिताच्या दृष्टीने प्रश्न अवघड होतो हे खरं. गोलाची अट आली की हा हॅमिल्टोनियन सर्किटचा (सगळ्यांना एकदाच भेटून परत येणाऱ्या वाटेचा) प्रश्न होतो, जो रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ कठीण प्रश्नांच्या यादीत आहे. पण पंधरा-वीस माणसांच्या गटासाठी सॉल्व्हर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर देतो, तेव्हा वेळेची काळजी करू नका.

## ५. एक छोटं उदाहरण हाताने सोडवून बघा

ही पायरी टाळू नका. सॉल्व्हर आत काय करतो ते एकदा हाताने केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सहा जण: अ, ब, क, ड, इ, फ. जोडीदार: अ-ब, क-ड, इ-फ. गेल्या वर्षीचा गोल: अ→क→इ→ब→ड→फ→अ. यंदाही एकच गोल हवा. प्रत्येकाला स्वतः, जोडीदार आणि गेल्या वर्षीची व्यक्ती वर्ज्य, म्हणून प्रत्येकासमोर तीन पर्याय उरतात:

- अ: ड, इ, फ
- ब: क, इ, फ
- क: अ, ब, फ
- ड: अ, ब, इ
- इ: अ, क, ड
- फ: ब, क, ड

आता समजा अ→ड धरलं. ‘ड’ इतरांच्या यादीतून गेला. ‘इ’कडे उरले अ आणि क, ‘फ’कडे ब आणि क. ‘ड’ने ‘अ’ला दिलं तर दोघांचाच गोल होईल, म्हणून ‘ड’कडे उरले ब आणि इ.

इ→क करून बघू. ‘फ’कडे फक्त ‘ब’ राहिला. म्हणून ‘ड’कडे फक्त ‘इ’. म्हणून ‘ब’कडे फक्त ‘फ’. पण मग ब आणि फ यांची अदलाबदल झाली. रस्ता बंद.

मागे येऊन इ→अ. आता ड→इ केलं तर अ, ड, इ यांचा तिघांचाच गोल होतो, म्हणून ड→ब. ‘क’कडे उरला फक्त ‘फ’, आणि ‘फ’कडे फक्त ‘क’. पुन्हा अदलाबदल. पुन्हा बंद.

म्हणजे ‘अ’ने ‘ड’ला देणं या अटींत शक्यच नाही, जरी कोणत्याही अटीने ते थेट नाकारलेलं नव्हतं. एक निवड करायची, तिचे परिणाम बाकीच्यांच्या यादीत पोचवायचे, कोंडी झाली की मागे फिरायचं. सॉल्व्हरच्या कामाचा गाभा हाच.

उरलेल्या वाटा अशाच चालून पाहिल्या की नेमके चार गोल मिळतात:

- अ→इ→क→ब→फ→ड→अ
- अ→इ→ड→ब→फ→क→अ
- अ→फ→क→ब→इ→ड→अ
- अ→फ→ड→ब→इ→क→अ

तुमचा प्रोग्रॅम या सहा जणांवर चालवा. सगळी उत्तरं मागितल्यावर चारच आली तर मॉडेल बरोबर आहे. खऱ्या यादीला हात लावण्याआधी मी दर वर्षी हीच चाचणी घेतो.

## ६. अटी वाढल्या की गुपित उघडं पडतं

हा मुद्दा मला फार उशिरा कळला, म्हणून जरा थांबून वाचा.

सहा जणांचे, काहीही अट नसताना, १२० गोल होतात. जोडीदारांची अट लावली की ३२ उरतात. गेल्या वर्षीची अट लावली की ४. आता वरचे चार गोल पुन्हा बघा. ‘अ’ला ‘इ’ आला असेल तर ‘ब’ला ‘फ’च आलेला आहे, दोन्ही गोलांत. अटी सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे ‘अ’ला स्वतःची चिठ्ठी वाचल्या वाचल्या आपल्या जोडीदाराचंही गुपित कळतं. कुणीही काही न सांगता.

म्हणून अटी दोन गटांत वाटा. पक्क्या अटी मोडायच्याच नाहीत: स्वतः नको, आणि मागितली असेल तर जोडीदाराची. बाकीच्या सैल ठेवा: मोडल्या तरी चालेल, पण मोडण्याला दंड. गेल्या वर्षीची जोडी मी सैल गटात ठेवतो. लहान गटात तर दोन-तीन वर्षांचा इतिहास पक्का लावण्याचा हट्ट धरूच नका.

दंड लावणं सोपं आहे. प्रत्येक चौकटीला एक आकडा द्या आणि निवडलेल्या चौकटींची बेरीज कमीत कमी करायला सांगा. गेल्या वर्षीच्या जोडीला १००, बाकीच्यांना ०. मात्र असा दंड शक्य असेल तेव्हा जुनी जोडी टाळतोच. त्यामुळे वरच्या सहा जणांत उत्तर त्याच चार गोलांतून येईल. लहान गटात गुपित जपायचं असेल तर जुन्या जोडीचा दंड काढूनच टाका, आणि एखादी जोडी पुन्हा आली तर येऊ द्या.

## ७. उत्तर खरंच यादृच्छिक आहे का?

सॉल्व्हरला अटी पाळणारं *कोणतंही* उत्तर चालतं. तो सोडत काढत नाही. तीच यादी त्याच क्रमाने दिली तर बऱ्याचदा तेच उत्तर पुन्हा येतं, आणि ज्याच्याकडे प्रोग्रॅम आहे त्याला ते काढता येतं. त्यासाठी:

प्रत्येक चौकटीच्या दंडात एक छोटा यादृच्छिक आकडा मिळवा, समजा ० ते ९. सहा जणांत या आकड्यांची बेरीज फार तर ५४ होते, म्हणून १०० चा दंड त्यांच्यापेक्षा नेहमी भारी राहतो. गट मोठा असेल तर दंडही वाढवा. माणसं गुणिले ९, याहून तो मोठा हवा.

या युक्तीने सगळी उत्तरं अगदी तंतोतंत समान शक्यतेने येत नाहीत, पण भेटींच्या खेळाला पुरेसं आहे. गट लहान असेल तर त्याहून चोख उपाय आहे: सगळी उत्तरं मोजून घ्या आणि त्यांतलं एक यादृच्छिक निवडा. चाचणी घेताना सीड (ज्या आकड्यापासून यादृच्छिक आकडे तयार होतात तो) ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी तेच आकडे येतील आणि चूक शोधता येईल. खऱ्या दिवशी मात्र तो सीड काढून टाका.

## ८. "उत्तर नाही" असं आलं तर

आधी स्टेटस नीट वाचा. सीपी-सॅट ‘ऑप्टिमल’ (सर्वोत्तम उत्तर) किंवा ‘फीझिबल’ (अटी पाळणारं उत्तर) सांगतो, आणि दोन्हींत उत्तर मिळालेलं असतं. नवशिके फक्त ‘फीझिबल’ तपासतात आणि उत्तर हातात असून नाही म्हणतात. ‘इनफीझिबल’ म्हणजे उत्तर नाहीच. ‘अननोन’ म्हणजे वेळ संपला, अजून ठरलेलं नाही.

‘इनफीझिबल’ आलं तर पहिली शंका सगळ्यात मोठ्या कुटुंबाची घ्या. सात जणांच्या गटात चौघे एकाच घरचे आहेत आणि घरातल्या घरात द्यायचं नाही. चौघांसाठी बाहेरचे तीनच उरतात. कितीही पिसा, जमणार नाही. फिलिप हॉल या गणितज्ञाने १९३५ मध्ये हेच सिद्ध केलं: कोणताही गट घ्या, त्या सगळ्यांचे मिळून पर्याय गटाच्या संख्येपेक्षा कमी पडले तर जोड्या लागत नाहीत, आणि कुठेच कमी पडत नसतील तर लागतातच. हे प्रमेय नुसत्या जोड्यांपुरतं आहे. गोलाची किंवा अदलाबदलीची अट असेल तर ते पुरेसं नाही.

कुटुंब निम्म्याहून मोठं नसेल, तर अटींचा एकेक गट बंद करून प्रोग्रॅम पुन्हा चालवा. जो बंद केल्यावर उत्तर येतं, तिथे बघा. बहुतेक वेळा दिशेची चूकच सापडते.

## ९. उत्तर तपासा, पण बघू नका

तुम्हीही खेळात असाल तर संपूर्ण यादी स्क्रीनवर छापू नका. सवयीने आपण छापतो, आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही. त्याऐवजी तपासणीचं वेगळं छोटं फंक्शन लिहा: एका व्यक्तीपासून चालायला लागून सगळ्यांना एकदाच भेटून परत येतो का, आणि वाटेत एखादी वर्ज्य जोडी आहे का. त्याने फक्त "बरोबर" किंवा "चूक" एवढंच छापायचं. मॉडेल लिहिताना वापरलेला कोड इथे परत वापरू नका, नाहीतर चूक दोन्हीकडे तीच राहील.

मग प्रोग्रॅमनेच प्रत्येकाला मेल पाठवावा. दोन गोष्टी सांभाळा. तुमच्या खात्याच्या पाठवलेल्या मेलमध्ये सगळं साठतं, म्हणून त्यासाठी वेगळं खातं ठेवा, आणि ते उघडण्याचा अधिकार खेळात नसलेल्या व्यक्तीकडे द्या. दुसरं, मेलचा विषय सगळ्यांना एकच ठेवा. विषयात नाव आलं तर ते फोनच्या लॉक स्क्रीनवर शेजारच्यालाही दिसतं.

## १०. कुणी आयत्या वेळी गळालं तर

पुन्हा सगळी सोडत काढू नका. एव्हाना काहींनी खरेदी केलेली असते. एक मोठा गोल असेल तर गळालेल्या व्यक्तीला देणारा आता तिच्या पुढच्याला देतो. बदल फक्त एका माणसाला कळवायचा.

पण जोडण्याआधी अट तपासा. वरच्या पहिल्या गोलातून ‘ब’ गळाला तर क→फ होतं, चालतं. ‘इ’ गळाला तर अ→क होतं, आणि ती गेल्या वर्षीचीच जोडी. तिथे अट सैल ठेवली असेल तर चालवून घ्या. जोडीदारांसारखी पक्की अट मोडत असेल, तर खेळाबाहेरच्या व्यक्तीने शेजारच्या दोन-तीन जणांना विचारून, ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांच्यातच फेरबदल करावा.

हा बदल झाल्यावर साठवलेल्या यादीतही तो लगेच नोंदवायला त्याच व्यक्तीला सांगा. पुढच्या वर्षी "गेल्या वर्षीची यादी" म्हणून तीच फाइल तुमच्या प्रोग्रॅममध्ये जाणार आहे.